मुक्या जनावरांच्या तसबिरी व रंगांची दुरुस्ती

छायाचित्र खोटें बोलत नाहीं, ही समजूत आपल्या समाजांत शंभर-सव्वाशें वर्षें सुखानें नांदली. अलीकडे तिच्या जागीं नेमकी उलट समजूत येऊन बसली आहे. ती अशी कीं, संगणक व मोबाइल हातीं आल्यापासून कोणतेंच छायाचित्र खरें म्हणून राहिलेलें नाहीं. विचार करूं जातां या दोन्ही समजुती सारख्याच एकांगी ठरतात. घरांतील कुत्र्याचा किंवा मांजराचा, गोठ्यांतील गाईचा किंवा बैलाचा फोटो सॉफ्टवेअरमध्यें घालून त्याचा रंग व उजेड यांची दुरुस्ती करणें ही गोष्ट आज इतकी सर्रास झाली आहे कीं, तिला कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. परंतु इतिहास आहे. तो दीर्घ आहे, आणि त्यांत झालेली हानिहि थोडी नाहीं. जनावराच्या चित्राचा रंग सुधारावा कीं सुधारूं नये, हा वादच मुळीं निरर्थक होय. कारण कोणत्या ना कोणत्या रीतीनें न सुधारलेलें असें चित्र कधीं नव्हतेंच. खरा प्रश्न एवढाच कीं, सुधारणारा हात मूळ वस्तूवर पडतो कीं तिच्या प्रतीवर, आणि तो कशाला प्रमाण मानून चालतो. प्रस्तुत लेखांत हाच प्रश्न इतिहासाच्या आधारें तपासावयाचा आहे.

या विचारास वऱ्हाडांतील वाशीमसारखें सोयीचें ठिकाण क्वचितच सांपडेल. आजचें वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ सालीं वाशीमलाच सांपडलेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटानें या शाखेच्या इतिहासावर स्पष्ट प्रकाश पडला. तो ताम्रपट वत्सगुल्माहूनच दिलेला आहे. याच शाखेंतील हरिषेण राजाच्या काळीं, इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, अजिंठ्याचीं कित्येक उत्कृष्ट लेणीं कोरलीं व रंगविलीं गेलीं. त्याचा सचिव वराहदेव याचा लेख सोळाव्या लेण्यांत आहे, आणि सतरावें लेणें त्याच्या एका मांडलिकानें करविलेलें आहे. तेव्हां जनावरांच्या रंगीत चित्रांचा आपल्याकडील एक थोर नमुना वत्सगुल्माच्या सत्तेखालीं निर्माण झाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. आणि त्याच वाशीमच्या आसमंतांत आज पोळा आला कीं शेतकरी आपल्या बैलजोडीचे फोटो काढतो, काढवितो आणि दुरुस्त करून घेतो. या इतिहासाचीं दोन्हीं टोकें एकाच भूमींत अशीं रोवलेलीं आहेत.

प्रथम हें अलीकडचें टोक पाहूं. श्रावणांतील अमावस्येच्या आदल्या दिवशीं खांदशेकणी होते. वर्षभर जूं वाहिलेल्या खांद्यांना हळद व तूप लावून ते शेकतात. दुसऱ्या दिवशीं बैल धुवून, शिंगें रंगवून, अंगावर गेरूचे ठसे उमटवून, झुली व घुंगरमाळा घालून त्यांस तोरणाखालीं उभे करतात. त्या दिवशींचा फोटो धन्याला हवा असतो, आणि बैल आपल्या डोळ्यांना जसा दिसतो तसाच तो फोटोंत दिसावा अशी त्याची अपेक्षा असते. येथेंच अडचणीस आरंभ होतो. आपल्याकडे म्हण आहे कीं, ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला. कॅमेऱ्यापुढें मात्र वाणहि लागतो. पांढऱ्या बैलाच्या अंगावर शेजारच्या तांबड्या झुलीची छटा उमटते, पोटाखालीं हिरव्या गवताची झांक येते. निंबाच्या सावलींत, आकाशाच्या परावर्तित प्रकाशामुळें, तो निळसर दिसतो आणि रात्रीं गोठ्यांतील बल्बखालीं पिवळा पडतो. आपली दृष्टि प्रकाशाची जात ओळखून हा फरक आपोआप वजा करीत असते. म्हणून ढवळ्या आपणांस तिन्ही त्रिकाळ पांढराच भासतो. कॅमेऱ्याच्या भिंगामागें असा समजूतदार मेंदू नाहीं. दुपारच्या उन्हाचें वर्णतापमान सुमारें ५५०० केल्व्हिन, तर तारेच्या जुन्या बल्बचें २८०० केल्व्हिनच्या आसपास असतें. या दोहोंतील अंतर यंत्राला कोणीतरी सांगावें लागतें.

उजेडाची गोष्टहि तशीच. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम करड्या रंगाचें आहे असें धरून चालतो. त्यामुळें चौकट भरून पांढरा बैल उभा केला, तर उजेड फार झाला अशा समजुतीनें यंत्र तो कमी करतें व बैल मळकट करडा होतो. काळी म्हैस उभी केली, तर उलट न्यायानें तीहि करडीच होते. काळ्या कुत्र्याच्या फोटोंत डोळे व केस एकाच डागांत बुडून जातात, ही तक्रार याच कारणाची. रात्रीं झगझगीत दिवा चमकवून काढलेल्या फोटोंत जनावराचे डोळे हिरवे किंवा पिवळे चकाकतात, याचें कारण त्यांच्या डोळ्यांच्या पाठीमागें प्रकाश परतविणारा एक पडदा असतो. माणसाच्या डोळ्यांत तो नाहीं. म्हणून माणसाच्या लाल डोळ्यांसाठीं बनविलेली सॉफ्टवेअरमधील युक्ति कुत्र्या-मांजरांच्या बाबतींत सहसा चालत नाहीं. तात्पर्य, हाताचा स्पर्श होण्यापूर्वींच छायाचित्रानें रंगाची अफरातफर केलेली असते. व्हाइट बॅलन्स बदलणें म्हणजे प्रकाशाची जात सांगणें. कर्व्ह वांकविणें म्हणजे ० पासून २५५ पर्यंतच्या उजेडाच्या पायऱ्या पुन्हा नीट मांडणें. यांत खोटें करण्यापेक्षां खोटें काढून टाकण्याचाच भाग पुष्कळ वेळां अधिक असतो.

हा सारा खटाटोप वाचकांस केवळ यंत्रयुगांतला वाटेल. परंतु पांढऱ्या जनावराला पांढरें दाखविण्याची हीच अडचण वाकाटककालीन चित्रकारापुढेंहि होती. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत मातृपोषक जातकाची कथा रंगविली आहे. एका राजानें शुभ्र हत्ती पकडून आपल्या हत्तीशाळेंत आणिला. तो कांहीं केल्या चारा घेईना, कारण त्याची आंधळी आई रानांत एकटी राहिली होती. राजाला हें कळतांच त्यानें त्याला सोडून दिलें. माणसानें पाळलेल्या जनावराच्या मनांत शिरून काढलेलें याहून जुनें व याहून हृदयस्पर्शी चित्र आपल्याकडे क्वचितच असेल. चित्रकाराच्या हातीं रंग तरी किती? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना व पांढरी माती, आणि दूर बदख्शानहून आलेला लाजवर्दी दगडाचा निळा. माती, भाताचें तूस व वनस्पतींचे तंतु यांच्या गिलाव्यावर पांढरा हात देऊन, तो वाळल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट पदार्थांत कालविलेले रंग तो लावीत असे. एवढ्या सामग्रींत त्यानें नुसता पांढरा रंग फांसून हत्ती पांढरा केला नाहीं. रेषा, कडेची छटा व भोंवतालचे गडद रंग यांच्या योगानें पांढरेपणाचा भास घडविला. पहिल्या लेण्यांतील झुंजणारे बैल पाहिले, तरी हेंच कौशल्य दिसतें. ज्या गेरूचे ठसे आज पोळ्याच्या बैलावर उमटतात, तोच गेरू त्या भिंतींवर आहे. छटांचा हा जुळवाजुळवीचा व्यापार म्हणजे कर्व्ह वांकविण्याचाच प्राचीन अवतार होय. भेद इतकाच कीं, तो व्यापार चित्र घडवितांना होत असे, घडून गेल्यावर नव्हे.

प्रत्यक्ष जनावर समोर ठेवून त्याची हुबेहूब तसबीर काढण्याची आवड पुढें मोंगल दरबारांत विशेष वाढली. त्या दरबारांतील एक गोष्ट प्रस्तुत विषयाशीं फार जुळणारी आहे. १६२१ सालीं जहांगीरकडे एक झेब्रा आला. त्याच्या अंगावरील पट्टे पाहून कांहीं लोकांना ते रंगविलेलेच वाटले. नीट तपासणी केल्यावर तो निसर्गाचाच रंग आहे अशी खात्री झाली, असें बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. मन्सूर या चित्रकारानें त्या जनावराची काढलेली तसबीर आजहि लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आहे. आजचा माणूस चित्राचा रंग खरा कीं खोटा असें विचारतो. त्या लोकांनीं खुद्द जनावराचाच रंग खरा कीं खोटा असें विचारलें, आणि जनावर समोर असल्यामुळें त्या प्रश्नाचा निकालहि लागला. ही सोय ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तीच नाहींशी होते.

महाराष्ट्रांत या परंपरेचा उत्तम प्रतिनिधि म्हणजे पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यानें त्याला हातीं धरलें, आणि पुढें १७९२ पासून जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचेंहि साहाय्य त्याला लाभलें. सवाई माधवरावांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें त्यानें नोव्हेंबर १७९० मध्यें काढलेलें रंगीत चित्र आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. पेशव्यांचा गेंडा कसा होता हें सांगणारा आतां कोणी नाहीं. गंगारामानें जो रंग लावला तोच आपला पुरावा. चित्र व जनावर शेजारीं ठेवून ताडून पाहण्याचा काळ संपला, म्हणजे चित्रावरील रंग हाच इतिहास होतो. मग त्या रंगाला हात लावणें म्हणजे दस्तऐवजांतील अक्षर बदलणें होय.

यानंतर छायाचित्रण आलें. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्यें स्थापन झाली, आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय विद्वान् या कलेंत आरंभींच शिरले. पण त्या काळच्या कांचा फक्त निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच नीट दाद देत; तांबडा व पिवळा त्यांस जवळजवळ काळा. म्हणजे ढवळ्या-पवळ्यांची जोडी त्या कॅमेऱ्यापुढें उभी केली असती, तर पवळ्या काळा निघाला असता, शिंगांचा निळा रंग पांढरा दिसला असता आणि गेरूचे ठसे शाईसारखे उमटले असते. १८७३ मध्यें जर्मनींत हर्मान फोगेल यानें रंगद्रव्यें मिसळून कांचेला हिरव्या प्रकाशाची जाण आणून दिली. सर्व रंगांना दाद देणाऱ्या कांचा विसाव्या शतकाच्या आरंभीं, १९०६ च्या सुमारास, बाजारांत आल्या. दरम्यानच्या अर्धशतकांत फोटोवर हातानें रंग भरणारे व निगेटिव्हवर पेन्सिल चालविणारे कारागीर स्टुडिओ-स्टुडिओंतून होते. त्यांना लबाड म्हणणें अन्यायाचें होईल. यंत्राला जे रंग दिसतच नव्हते ते त्यांनीं गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून परत आणून ठेविले. त्यांचें प्रमाण म्हणजे धन्याची आठवण. आणि त्यांची एकच उणीव अशी कीं, रंग एकदां प्रतीवर चढला म्हणजे त्याखालचें मूळ पुन्हा पाहतां येत नसे.

ही उणीव एका फोटोच्या बाबतींत क्षम्य होती. राष्ट्राच्या ठेव्याच्या बाबतींत ती किती महागांत पडते, हें अजिंठ्यानेंच दाखवून दिलें. १८१९ मध्यें जॉन स्मिथ या सैनिकी अधिकाऱ्यानें हीं लेणीं पुन्हा उजेडांत आणल्यावर, १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यानें कंपनी सरकारच्या आज्ञेनें तेथील चित्रांच्या मोठाल्या नकला करण्याचें काम वर्षानुवर्षें केलें. लंडनजवळच्या स्फटिकगृहांत त्या मांडल्या होत्या. १८६६ च्या आगींत बहुतेक सर्व जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं पेस्तनजी बोमनजी प्रभृति विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या. त्यांतीलहि पुष्कळ १८८५ मध्यें साउथ केन्सिंग्टन येथील आगींत गेल्या. नकला जळाल्या हें दुर्दैव खरें, तरी नकला पुन्हा करतां येतात. न भरून येणारी हानि वेगळीच होती. नकलेच्या वेळीं फिकट रंग उठून दिसावे म्हणून मूळ भिंतींवरच वार्निश चढविण्यांत आलें. पुढें निजाम सरकारनें १९२० ते १९२२ या काळांत इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी व त्यांचे साहाय्यक ओर्सिनी या तज्ज्ञांस बोलाविलें. सुटत चाललेला गिलावा त्यांनीं भिंतीला पक्का बसविला, हें त्यांचें श्रेय कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु रंगांना तजेला यावा म्हणून चित्रांवर लाखेच्या द्रावणाचा जो लेप दिला, तो कालांतरानें पिवळा-तपकिरी पडला. पांढरें पिवळट झालें, निळें हिरवट झालें. धूळ व वटवाघळांची घाण त्या थरांत रुतून बसली. ज्या रंगाला उजळा द्यावयाचा होता, तोच त्या उपायानें झांकोळला.

येथें दोष हेतूचा नव्हता. चेक्कोनींना जें साधावयाचें होतें, तेंच आज मोबाइलवर बोट सरकवून आपण साधतों. रंग किंचित् गडद, छटांतील अंतर किंचित् अधिक. भेद एवढाच कीं, त्यांचा हात मूळावर पडला. याच्या उलट उदाहरण गुलाम याझदानी यांचें. त्यांच्या संपादनाखालीं निघालेल्या ‘अजंता’ या ग्रंथाचा पहिला भाग १९३० मध्यें व चौथा १९५५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतील रंगीत चित्रें छायाचित्रणाच्या आधारें केलेलीं आहेत. छपाईंत रंगांची जुळवाजुळव त्यांनाहि करावी लागली असेलच; तसें केल्यावांचून रंगीत छपाईच होत नाहीं. पण ती कागदावर झाली. भिंतीला तिचा उपद्रव झाला नाहीं. १९९० च्या दशकाच्या आरंभीं बिनॉय बहल यांनीं प्रखर दिवे न लावतां, अत्यंत मंद प्रकाशांत त्या चित्रांचीं छायाचित्रें घेतलीं. १९९९ नंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनीं नवव्या व दहाव्या लेण्यांतील लाखेचा थर मोठ्या सावधगिरीनें उतरविण्याचें काम हातीं घेतलें. आणि नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनीं अजिंठ्याच्या चित्रांचीं सूक्ष्म छायाचित्रें घेऊन संगणकावर त्यांचे गेलेले रंग पुन्हा उभे करण्याचा जो दीर्घ उद्योग चालविला, त्याचा विशेष हाच कीं, त्यांत भिंतीला बोटहि लागत नाहीं. उद्यां एखाद्या जाणत्याला त्यांतील एखादी छटा चुकीची वाटली, तर ती बदलतां येईल. १९२० च्या लेपाविषयीं तसें म्हणतां येत नाहीं.

या इतिहासावरून घरगुती व्यवहारासहि कांहीं नियम काढतां येतात. पहिला नियम मूळ राखण्याचा. १९९० मध्यें ‘फोटोशॉप’ बाजारांत आलें, आणि १९९४ मध्यें त्यांत एकावर एक पारदर्शक थर ठेवण्याची सोय झाली. मूळ चित्र खालच्या थरांत अबाधित राहतें, दुरुस्ती वरच्या थरांत होते, आणि ती केव्हांहि काढून टाकतां येते. परंतु ही सोय वापरणारे थोडे. बहुतेक लोक दुरुस्त केलेला फोटो मूळाच्याच जागीं साठवितात व मूळ गमावून बसतात. तोहि दुसऱ्याकडे पाठवितांना आणखी आकुंचित होतो. हें घरच्या घरीं लाखेचा लेप देण्यासारखेंच झालें. दहा वर्षांनीं आजची आवड बदलते. आज भडक केलेला रंग उद्यां डोळ्यांत खुपतो. तेव्हां परत जावयास मूळच राहिलेलें नसतें. बैलाचें किंवा कुत्र्याचें आयुष्य माणसाच्या मानानें अल्प; त्याचा फोटो पुन्हा काढतां येत नाहीं, हें तर सांगावयासच नको.

दुसरा नियम प्रमाणाचा. आठवणीसाठीं टांगलेल्या तसबिरींत धन्याची आठवण हेंच प्रमाण मानण्यास हरकत नाहीं. आपला ढवळ्या फोटोंत मळकट दिसतो, तो पांढरा करा, असें शेतकऱ्यानें म्हटलें, तर त्याचें म्हणणें बहुधा यंत्रापेक्षां सत्याला जवळचेंच असतें. आणि प्रेमानें तें थोडें पुढें गेलें, तरी त्यांत कोणाची फसवणूक नाहीं. परंतु तोच फोटो विक्रीसाठीं किंवा जातीच्या ओळखीसाठीं वापरला, म्हणजे गोष्ट पालटते. वर्धा-नागपूरकडील गवळाऊ पांढरी ते करडी, नांदेड-कंधारकडील लाल कंधारी गडद तांबडी. रंग हें येथें जातीचें एक लक्षण आहे. त्वचेचा निस्तेजपणा हें कित्येकदां रोगाचें चिन्ह असतें. आतां जनावरांचे सौदे पुष्कळदां फोटो पाहूनच ठरूं लागले आहेत. पूर्वीं बाजारांत गिऱ्हाईक बैलाच्या पाठीवरून हात फिरवी, दांत पाही. मोबाइलवर त्याला रंगाखेरीज दुसरें कांहींच पाहतां येत नाहीं. जेथें चित्र साक्षीदार म्हणून उभें आहे, तेथें व्हाइट बॅलन्स नीट करणें हें सत्यकथन, आणि रंगांत तजेला भरणें ही खोटी साक्ष होय. यंत्र दोहोंस एकच बटण देतें. विवेक मात्र वापरणाऱ्यालाच आणावा लागतो.

तिसरा नियम सीमेचा. असलेला रंग उजळणें वेगळें, आणि नसलेला भाग घालणें वेगळें. अजिंठ्याच्या भिंतीवरील गिलावा जेथें गळून पडला आहे, तेथें हत्तीची सोंड कशी होती हें कोणतेंहि सॉफ्टवेअर जाणत नाहीं. तें केवळ अनुमान करूं शकतें. अलीकडच्या कृत्रिम बुद्धीच्या साधनांनीं हें अनुमान इतकें सफाईदार झालें आहे कीं, तें अनुमान आहे हेंच विसरलें जातें. तसें चित्र कोणी करूं नये, असें नाहीं. पण त्याखालीं तसें लिहावें. जुनी पोथी संपादितांना गाळलेलें अक्षर आपण चौकटी कंसांत घालतों. चित्राला तेवढाच प्रामाणिकपणा लागू करण्यांत काय अडचण आहे?

सॉफ्टवेअरनें सत्य बुडविलें, अशी हाकाटी करणारांनीं वाकाटकांच्या चित्रकारापासून पेशवाईंतील तांबटापर्यंत व रंग भरणाऱ्या कारागिरापर्यंत एकदां नजर फिरवावी. रंगाची दुरुस्ती सर्वांनींच केली. त्यांच्यापुढें नसलेली एक सोय मात्र आपल्याला लाभली आहे : मूळाला न दुखवितां दुरुस्ती करण्याची. सतराव्या लेण्यांतील शुभ्र हत्तीला ती सोय मिळाली नाहीं. गोठ्यांतील ढवळ्याला ती मिळूं शकते, आणि तीसाठीं खर्च एवढाच कीं, मूळ फोटो निराळा जपून ठेवावा, त्यावर तारीख व बैलाचें नांव घालावें, आणि दुरुस्त केलेल्या प्रतीला दुरुस्त केलेली म्हणावें.